दुसऱ्याच्या वर्गात

बदली तासांची वही सकाळी शिक्षककक्षात फिरू लागली की टेबलाभोवतीच्या माना आपोआप खाली जातात. कोणी तपासायच्या वह्यांचा गठ्ठा पुढे ओढतो, कोणी खडूची पेटी उघडून तीत उगाच काहीतरी शोधू लागतो. आपल्या नावापुढे आज रजेवरच्या कोणाचा तास लिहिला आहे हे वाचल्यावर मनात येणारा पहिला विचार त्या वर्गातल्या मुलांचा नसतो. हातातून गेलेल्या आपल्या मोकळ्या तासाचा असतो, आणि त्या तासात उरकायच्या ठरवलेल्या कामांचा असतो. हे आधीच कबूल करून टाकलेले बरे. मीही अनेक वर्षे हे तास त्याच मनाने घेतले. वर्गात जायचे, मुलांना गप्प बसवायचे, घंटा झाली की बाहेर पडायचे, एवढीच त्या कामाची व्याख्या मला ठाऊक होती. ती व्याख्या बदलली ती एका चुकीमुळे, आणि ती चूक मी तास टाळताना केलेली नव्हती, तर तो मन लावून शिकवताना केलेली होती.

वर्ग सातवीचा होता आणि तास गणिताचा. माझा विषय गणितच असल्यामुळे मला त्या दिवशी बरेच वाटले होते, कारण बदली तासाला आपलाच विषय वाट्याला येणे हा योग क्वचितच येतो. मुलांनी सांगितले की समीकरणे चालू आहेत. मी एकाची वही उघडली, तर पानावर तराजूचे चित्र होते. डाव्या पारड्यात ‘क्ष + ५’, उजव्या पारड्यात ‘१२’, आणि दोन्ही पारड्यांतून पाच-पाच काढून घेतल्याचे दोन बाण. त्याखालचे उदाहरण तसेच, त्याखालचेही तसेच, प्रत्येक वेळी तराजू. मला वाटले, किती हा वेळकाढूपणा. मी फळ्यावर समीकरण लिहिले आणि सांगितले की पाच उचला, बरोबरच्या चिन्हाच्या पलीकडे न्या आणि जाताना त्याचे चिन्ह बदला, की झाले. मुले खूश झाली. तासाभरात बारा उदाहरणे झाली, आणि मी शिक्षककक्षात परतले ती आपण कोणाचे तरी रखडलेले काम मार्गी लावून आलो या समाधानात.

त्या वर्गाच्या गणिताच्या बाई दोन दिवसांनी आल्या. त्यांनी माझ्यासमोर तीन-चार वह्या उघडून ठेवल्या. प्रत्येकीत एका ओळीवर ‘३क्ष = १२’ आणि त्याच्या खालच्या ओळीवर ‘क्ष = १२ − ३’ असे लिहिलेले होते; उत्तर नऊ. “तीन पलीकडे नेला की चिन्ह बदलतं, असं बदली बाईंनी सांगितलंय म्हणतात,” एवढेच त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर मला सोपे गेले असते. तराजू त्यांनी वेळ काढण्यासाठी काढलेला नव्हता. गुणाकाराची समीकरणे पुढच्या आठवड्यात यायची होती, आणि दोन्ही पारड्यांना एकाच वेळी तेच करायचे ही गोष्ट मुलांच्या हाताला लागल्याशिवाय तीनने भागायचे का, हे त्यांना कळणार नव्हते. मी शिकवलेला आडमार्ग चुकीचा नव्हता, पण तो ज्या रस्त्यावरून फुटत होता त्या रस्त्याने ही मुले अजून आलेलीच नव्हती. तो पुसायला त्यांना तीन तास लागले, असे मला पुढे कळले, तेही मुलांकडून.

तेव्हापासून मी दुसऱ्याच्या वर्गात गेले की शिकवायला सुरुवात करण्यापूर्वी दोन वह्या मागून घेते. एक नीटनेटकी आणि एक अव्यवस्थित. नीटनेटक्या वहीत बाई काय शिकवतात ते दिसते आणि अव्यवस्थित वहीत त्यातले काय पोहोचले आहे ते दिसते. बाईंचे टाचण, म्हणजे तासाची लेखी आखणी, रिकामे असेल तर या दोन वह्या पाच मिनिटे चाळून ती उणीव बऱ्यापैकी भरून निघते. शीर्षक लाल शाईने लिहायचे की निळ्या, समास कोणत्या बाजूला, उदाहरणाखाली उत्तराला चौकट करायची की नाही, या गोष्टी बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटतात. पण त्या वर्गात त्यांना नियमाचे वजन असते, आणि एका तासासाठी आलेल्या माणसाने ते नियम मोडून काहीही साधत नाही. शिकवून झाल्यावर “हे तुमच्या बाई वेगळ्या तऱ्हेने करत असतील तर त्यांचीच रीत धरा” हे वाक्य मी आजही म्हणते. सुरुवातीला ते म्हणताना कमीपणा वाटत असे.

वर्गात पाऊल टाकण्यापूर्वीचे काम त्याहून महत्त्वाचे, आणि ते बहुतेकदा राहून जाते. आज जाताना घ्यायला वेगळे माणूस येणार आहे असे कोणी मूल आहे का, कोणाला दम लागतो, कोणाचे औषध कुठे ठेवलेले असते, कोणाला कमी ऐकू येत असल्यामुळे पुढच्या बाकावर बसवलेले आहे, हे शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांना विचारायला एक मिनिट पुरते. हजेरीचेही तसेच. आपल्याला ती उरकायची बाब वाटते, पण आग लागून किंवा धोक्याची घंटा वाजून सगळी शाळा मैदानात उभी राहिली, तर आपल्या हातात खरी वस्तू एकच असते, आणि ती म्हणजे त्या दिवशीची हजेरी. मुलांचे चेहरे ज्याला ओळखता येत नाहीत त्याने तर ती अधिकच काटेकोरपणे घ्यायला हवी. मी नावे पुकारत नाही. पहिल्या बाकापासून प्रत्येकाला स्वतःचे नाव सांगायला लावते आणि एका कागदावर बाकांच्या रांगा आखून त्या त्या चौकोनात ते लिहीत जाते. नावांची अदलाबदल करून गंमत करणारी दोन मुले जवळपास प्रत्येक वर्गात असतात; ती शेजाऱ्यांच्या दाबलेल्या हसण्यावरून ओळखू येतात, आणि त्यांच्याकडे पाहून आपणही किंचित हसलो की पुढच्या वेळी खरे नाव येते. कागदाचा फायदा असा की दहाव्या मिनिटाला खिडकीजवळच्या मुलाला “ए, तू निळी पेन्सिलवाला” असे म्हणावे लागत नाही. नावाने हाक मारलेले मूल आणि ‘ए’ म्हणून हाक मारलेले मूल वेगवेगळ्या प्रकारे मागे वळते, हे कोणाही शिक्षकाला सांगायला नको. शिवाय स्वतःचे नाव प्रत्येकाच्या तोंडून ऐकले की ते चुकीचे उच्चारण्याची आपत्ती टळते. नाव चुकीचे उच्चारले गेले की वर्ग हसतो, आणि हसू आपल्या चुकीला आलेले असले तरी सोसावे त्या मुलाला लागते.

शिस्तीचा प्रश्न मात्र सगळ्यांच्या मनात पहिला असतो. बदली शिक्षक म्हणजे ज्याचे कोणी ऐकत नाही तो माणूस, ही समजूत इतकी पक्की आहे की अनेकजण वर्गात शिरताना आवाज आधीच चढवून शिरतात. जेकब कौनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गांचे चित्रफितींवर चित्रण करून बारकाईने अभ्यास केला आणि १९७० साली त्याचे निष्कर्ष मांडले. त्याच्या कुतूहलाची सुरुवात म्हणे स्वतःच्याच वर्गात झाली होती; व्याख्यान चालू असताना वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याला त्याने फटकारले, आणि ज्यांचा त्या प्रकरणाशी काही संबंध नव्हता ती बाकीची मुलेही एकदम ताठ आणि गप्प झाली. एकाला बोललेले सर्वांवर कसे पसरते हे शोधायला तो निघाला. हाती आले ते वेगळेच. मूल गैर वागल्यानंतर शिक्षक त्याला कसे रागावतात यावरून सुरळीत वर्ग आणि विस्कळीत वर्ग यांतला फरक सांगता येईना. फरक होता तो त्या आधीच्या गोष्टींत. वर्गाच्या कोणत्या कोपऱ्यात काय चालले आहे याची शिक्षकाला जाण असणे, आणि ती आहे हे मुलांना कळलेले असणे. एका कामातून दुसऱ्या कामात जाताना मध्ये खंड न पडणे. एकाशी बोलताना बाकीचे वाऱ्यावर न सोडणे.

बदली शिक्षकाच्या दृष्टीने यात एक मोठा दिलासा आहे आणि एक अडचण. दिलासा असा की दरारा नसला तरी चालते, आणि दरारा तर आपल्याजवळ नसतोच. तो त्या वर्गाच्या बाईंनी वर्षभरात कमावलेला असतो आणि त्यांच्या रजेबरोबर तोही रजेवर जातो. अडचण अशी की खंड पडू न देणे हेच आपल्याला सर्वांत अवघड असते. खडू कुठे आहे, पुस्तके कपाटात आहेत की मुलांजवळ, वह्या कोण वाटते, हे ठाऊक नसल्यामुळे आपल्या तासाला पदोपदी भोके पडतात आणि गोंगाट त्या भोकांतूनच आत येतो. म्हणून मी फळ्यावर काहीतरी लिहिल्याशिवाय हजेरीला हात लावत नाही. एक कोडे, एक चुकीचे वाक्य, एक अर्धवट आकृती, काहीही चालते, पण हजेरीची ती सहा-सात मिनिटे हातांना काम हवे. आणि मी खुर्चीवर बसत नाही. वर्गाच्या मागच्या भिंतीपाशी उभे राहून हजेरी घेतली तर वर्ग कसा वेगळाच दिसतो, हे ज्याने पाहिले नसेल त्याने एकदा पाहावे.

“आमच्या बाई आम्हांला असं करू देतात” हे वाक्य पहिल्या दहा मिनिटांत येतेच. जोडीने बसू देतात, पाणी प्यायला न विचारता जाऊ देतात, शेवटची पंधरा मिनिटे खेळू देतात. यातले निम्मे खरे असते आणि कोणते निम्मे, ते आपल्याला कळायला मार्ग नसतो. वाद घालून काही निष्पन्न होत नाही, कारण खोटे ठरवलेले मूल खरे बोलत असेल तर तो तास तिथेच संपला. “देत असतील, पण मला ते ठाऊक नाही, म्हणून आज मला ठाऊक आहे तेवढंच आपण करू,” असे म्हटले की बहुतेक वेळा भागते. याच्या उलट वाक्य अधिक धोक्याचे असते. “बाईंनी हे आम्हांला शिकवलंच नाही.” इथे जिभेवर ताबा ठेवावा लागतो. आश्चर्याने उंचावलेली एक भुवईदेखील मुले बरोबर टिपतात आणि घरी नेतात. जो माणूस समोर नाही, ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्याविषयी त्याच्याच मुलांसमोर शब्दाने किंवा चेहऱ्याने काही सुचवणे मला अप्रामाणिक वाटते, मग त्या माणसाच्या शिकवण्याविषयी आपले मत काहीही असो.

हे सगळे झाले काम ठरवून दिलेले असते तेव्हाचे. पण कधी कधी अचानक निरोप येतो, टाचण नसते, विषय आपला नसतो आणि समोर पंचेचाळीस मिनिटे उभी असतात. “आपापला अभ्यास करा” हे तेव्हाचे सर्वांत सोपे वाक्य आहे आणि ते मी कितीतरी वेळा उच्चारले आहे. त्याचा अर्थ मुले अचूक ओळखतात. तुमच्याकडून मला काही नको, एवढाच तो असतो. त्यापेक्षा आपल्या पोतडीत खडूखेरीज काहीही लागणार नाही अशा दोन-चार गोष्टी कायम असाव्यात. माझ्याजवळची आवडती गोष्ट सांगते. शून्याहून मोठी कोणतीही पूर्ण संख्या घ्यायची. ती सम असेल तर तिची निम्मी करायची, विषम असेल तर तिला तीनने गुणून एक मिळवायचा, आणि जी संख्या येईल तिच्यावर पुन्हा हेच. सात घेतले तर बावीस, अकरा, चौतीस, सतरा असे वरखाली होत सोळाव्या पायरीला एक येतो. लोथार कोलाट्झ या जर्मन गणितज्ञाच्या नावाने हा प्रश्न ओळखला जातो. तो १९३७ पासूनचा मानला जातो, आणि प्रत्येक संख्या शेवटी एकावर येतेच का, हे आजतागायत कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. दुसऱ्याच्या वर्गात उभ्या असलेल्या माणसाला हे फार सोयीचे पडते. उत्तर मला ठाऊक नाही, तुमच्या बाईंना ठाऊक नाही, जगात कोणालाच ठाऊक नाही, हे सांगताना आपण सगळे एकदम एका बाकावर येतो.

एकदा सहावीच्या एका वर्गात मी हे फळ्यावर मांडले. इतिहासाचा तास होता, इतिहासाचे सर आजारी होते. मुलांनी आपापल्या संख्या घेतल्या. सव्वीस घेतलेली मुलगी दहा पायऱ्यांत एकावर पोहोचली आणि तिने हात झटकले. तिच्या शेजारच्या मुलाने, बहुधा तिच्याहून एकच जास्त म्हणून, सत्तावीस घेतले होते. त्याचे काही संपेना. पान भरत आले तसा तो रडकुंडीला आला, आणि मग मी त्याला फळ्यापाशी बोलावले व सगळ्या वर्गाला त्याच्या मदतीला लावले. ८२, ४१, १२४, ६२, ३१, ९४, ४७, १४२, ७१. एकाहत्तरपाशी त्याने घाईत तीनने गुणले आणि २१३ लिहिले. मला चूक दिसली होती. ती सांगण्यासाठी तोंड उघडले होते, आणि मिटले.

त्या मिटण्यामागे मेरी बड रो यांचे काम होते. या संशोधिकेने वर्गांतले संवाद ध्वनिमुद्रित करून मोजले, तेव्हा प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदभरच थांबतात असे आढळले. तो थांबा तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरे लांब होत गेली, ‘माहीत नाही’ कमी झाले, आणि एरवी न बोलणारी मुले बोलू लागली. तीन सेकंद हे वाचताना काहीच वाटत नाहीत. अनोळखी वर्गासमोर, हातात खडू धरून, ते मोजून पाहावेत. शांतता पसरली की वर्ग हातातून निघाला असे बदली शिक्षकाला वाटू लागते, आणि तो ती स्वतःच्या आवाजाने बुजवतो.

तर २१३ फळ्यावर तसेच राहिले. मी मनात तीन मोजले, चार मोजले. मागच्या बाकावरून, जिने तोवर नावाखेरीज एक शब्दही उच्चारला नव्हता अशा मुलीचा आवाज आला. “विषमनंतर विषम आली कशी?” कोणाला काही कळले नाही. ती उभी राहिली. “आतापर्यंत विषमच्या पुढे दर वेळी समच आलीये. बघा ना. एक्केचाळीस, मग एकशे चोवीस. एकतीस, मग चौऱ्याण्णव. ही २१३ कशी आली?” फळ्यापाशी उभ्या असलेल्या मुलाने डस्टरने तीन पुसून चार केले. ती खाली बसणार, एवढ्यात मी विचारले की दर वेळी समच का येत असेल, आणि मग पुढची पाच-सात मिनिटे विषम संख्येची तिप्पट विषमच असते आणि तिच्यात एक मिळवला की ती सम होते, यावर वर्गात जे काही झाले त्याला गोंगाट म्हणावे की चर्चा, हे शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांनी ठरवावे. ते दारात येऊन पाहून गेले.

३२३८ वर घंटा झाली. फळा भरलेला होता आणि एक कुठेही दृष्टिपथात नव्हता. मुले म्हणाली, “बाई, पुसू नका,” आणि एकजण म्हणाला, “इतिहासाला रोज तुम्हीच या.”

हे वाक्य कानाला फार गोड लागते. इतिहासाच्या सरांना मी आजवर जवळून ओळखत नव्हते, पण त्या क्षणी मी त्यांच्याहून चांगली शिक्षिका आहे असे मला अर्धा मिनिट तरी निश्चित वाटले. ते चांगले वाटणे फसवे असते, कारण बदली शिक्षकाला पाठ्यक्रम पुरा करायचा नसतो, पेपर तपासायचे नसतात, गृहपाठ न आणल्याबद्दल कोणाला बोलायचे नसते. पाहुणा मावशी-काका जितक्या सहज लाडका होतो तितक्याच सहज आपण लाडके होतो, आणि त्यात आपले कर्तृत्व थोडेच असते. दीर्घ रजेवर गेलेल्या शिक्षकाच्या जागी तीन-चार महिने काम करावे लागते तेव्हा हा लाडकेपणा दुसऱ्याच आठवड्यात उतरतो. मग परीक्षा आपल्याच गळ्यात येते आणि मुले “आमच्या बाई कधी येणार?” असे विचारू लागतात. त्या प्रश्नालाही अंदाजाने तारीख सांगू नये. सांगितलेली तारीख टळली की मुले फक्त आपल्यावरच रुसत नाहीत.

मी त्या मुलाला म्हटले, “सर आले की त्यांना हे दाखवा.” आणि सरांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. या चिठ्ठीबद्दल मी आता हट्टी झाले आहे. ‘वर्ग फार त्रासदायक आहे’ किंवा ‘मुले गुणी आहेत’ अशी वाक्ये तिच्यात नसावीत, कारण त्यांचा उपयोग परत येणाऱ्या माणसाला शून्य असतो. काय झाले, काय राहिले, कोण गैरहजर होते, कोणाला मधेच बरे वाटेनासे झाले, कोणाशी खटका उडाला असल्यास नेमके काय घडले आणि मी काय केले. शिवाय मदत करणाऱ्या मुलांची नावे. ती सरांकडून ऐकायला मिळतात तेव्हा मुलांना कळते की काल आलेली बाई आपल्याकडे पाहत होती. त्या दिवशी मी लिहिले की इतिहास अजिबात झालेला नाही, तो माझा दोष. एकजण फळ्यावरच्या संख्यांमुळे रडकुंडीला आला होता, पण नंतर सावरला. मागच्या बाकावरील मुलीचे नाव. आणि फळा पुसू नये अशी वर्गाची विनंती आहे, ती मानावी की नाही हे आपण ठरवावे.

सर दोन दिवसांनी आले. मी त्या मजल्यावरून दुसऱ्या वर्गाकडे चालले होते तेव्हा त्यांच्या वर्गाचे दार अर्धे उघडे होते. फळ्याच्या डाव्या अर्ध्या भागात सनावळी लिहिलेली होती आणि उजव्या अर्ध्या भागात आमच्या संख्या तशाच होत्या. खाली, वेगळ्या हस्ताक्षरात, त्या बऱ्याच पुढे गेल्या होत्या. ९२३२ भोवती कोणीतरी रंगीत खडूने गोल केला होता, त्याहून मोठी संख्या या वाटेवर येत नाही, आणि तिथून उतरत उतरत एकशे अकराव्या पायरीला अगदी कोपऱ्यात एक बारीकसा एक होता. सर मुलांकडे तोंड करून काहीतरी सांगत होते. मागच्या बाकावरची मुलगी दाराकडे पाहत होती. तिने मला पाहिले आणि पुन्हा सरांकडे पाहू लागली. माझा तास वरच्या मजल्यावर होता, आणि घंटा होऊन दोन मिनिटे झाली होती.